बोटभर माशाची झेप

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की पुसद, महागाव, उमरखेडकडचे नदी-नाले गढूळ होऊन धावू लागतात आणि मासे धारेविरुद्ध चढणीला लागतात. पैनगंगेतून पूस नदीत, तिथून लहान ओढ्यांत. मोठे मासे अंडी घालायला निघतात, बोटभर पिल्लंही वर सरकतात.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पायथ्याशी तेव्हा जरा थांबून पाहावं. फेसातून एक पिल्लू उसळतं, भिंतीवर आदळतं, खाली पडतं. मग कडेकडेने सरकत जिथे धार पातळ आहे तिथून पुन्हा झेपावतं. बगळे टपलेलेच असतात. त्याची जिद्द कमी पडत नाही, अंग कमी पडतं.

जीव तोडून पोहणारा मासा ढोबळमानाने सेकंदाला अंगाच्या दहापट अंतर कापतो. १० सेंटीमीटरच्या पिल्लाचा वेग झाला सेकंदाला १ मीटर. त्या वेगाने सरळ वर उसळलं तर ते जेमतेम ५ सेंटीमीटर उंच जातं. लांबी दुप्पट झाली की उडी चौपट होते, म्हणजे थोरल्याला २० सेंटीमीटर जमतात. तेही खाली वेग घ्यायला पुरेसं खोल पाणी असेल तर. बंधाऱ्याखालच्या सिमेंटच्या फरशीवर बहुधा घोटाभरच पाणी असतं.

पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबाही पिल्लांना चढू देत नाही, पण ती नदीची स्वतःची पायरी आहे, जुनी आणि एकच. आपण ओढ्याओढ्यावर पायऱ्या बांधल्या. बंधारे नकोत असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू कापसाच्या या भागात अडवलेल्या पाण्यावर रब्बीचा हरभरा उभा राहतो. धरणांत रोहू-कटल्याचं बीज सोडता येतं. आठवडी बाजारात वाट्याने विकली जाणारी ओढ्यातली बारकी मासळी मात्र कोणी आणून सोडत नाही, तिला स्वतःच चढावं लागतं.

बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या लोखंडी पाट्या पावसाळ्याआधी काढायच्याच असतात. गंजून, अडकून त्या राहून जातात. आपल्या गावच्या पाट्या मृगाआधी निघाल्या का, हे ग्रामसभेत विचारा. पायथ्याला एका कडेने दगडांचा ओबडधोबड उतार रचता येईल का, तेही विचारा.