पाणी सोडणे

आजचे वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली



वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेच्या गायी निघाल्या. कशा होत्या या गायी? त्यांचं पाणी पिऊन झालेलं, चारा खाऊन झालेला, दूध देऊन संपलेलं. छोट्या नचिकेताने ते बघितलं आणि त्याच्या मनात श्रद्धा जागी झाली. असलं दान देऊन वडिलांना कोणता लोक मिळणार, या काळजीने तो विचारू लागला, "मला कुणाला देणार?" एकदा, दोनदा, तीनदा. पुढची यमाची कथा आपल्याला ठाऊक आहेच. मी मात्र आज त्या गायींपाशीच अडलो.

कारण सांगतो. माझ्याकडे शाईच्या पेनांचा छोटासा संग्रह आहे. चौदा पेनं. त्यातलं सगळ्यात देखणं पेन आहे राजमुंद्रीच्या रत्नम् यांच्याकडचं. लेथवर हाताने घडवलेलं, काळ्या-तपकिरी लाटांच्या इबोनाइटचं. ड्रॉपरने शाई भरायची. निब अशी, की कागदावर नुसती सरकते. पण ते माझ्या बोटांना जरा जाड होतं, म्हणून रोजच्या लिखाणाला मी दुसरंच साधं पेन घेतो. हे मात्र दसऱ्याला पाटीपूजनाला बाहेर येतं, त्याने 'श्री' लिहितो, की परत पेटीत.

हे पेन द्यावं असं बरेच दिवस मनात आहे. आणि नचिकेताचा प्रश्न तिथेच उभा राहतो. जे वापरत नाही तेच देतोयस, मग ही भाकड गायच नाही का?

विचार केला, आणि उत्तर उलटं आलं. गाय भाकड झालेलीच नाही. चांगली दुभती गाय दावणीला बांधून ठेवली आहे आणि धार काढायला कुणी बसत नाही. शाईचं पेन नुसतं ठेवलं की आतली शाई वाळते, जिभेच्या बारीक वाटा बुजतात. त्याचं आरोग्य चालण्यात आहे. आणि गंमत बघा, हाताला ज्याची गरज नाही, ते देताना मनाला मात्र कळ येते. म्हणजे मी धरून ठेवलंय ते पेन नव्हेच. 'माझं' हा शब्द धरून ठेवलाय.

याच रत्नम् पेनाची एक हकीकत आहे. 1921 साली गांधीजींनी रत्नम् यांना स्वदेशी वस्तू बनवायला सुचवलं. पुढे त्यांनी बनवलेलं पेन गांधीजींकडे पोचलं आणि 1935 साली वर्ध्याहून त्यांचं पत्र आलं. पेन वापरून पाहिलं, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असा त्याचा आशय. पेन सुंदर आहे म्हणून नाही, वापरून पाहिलं म्हणून शाबासकी!

आणि आपण तर नगर जिल्ह्यातली माणसं. आपल्या नेवाशात, प्रवरेच्या काठी, शके 1212 मध्ये माऊलींनी गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. माऊली ज्या खांबाला टेकून बसले, तो पैस खांब आजही आपण डोळे भरून पाहतो. पण बाबांची लेखणी कशी होती, हे दर्शनाला गेलेलं कुणी विचारत नाही. ती झिजली आणि ज्ञानेश्वरी राहिली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. तिथेही तेच. लेखणीचं सार्थक तिच्या झिजण्यात.

मग द्यायचं कुणाला? गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न धरता दिलेलं ते सात्त्विक. काही मिळावं म्हणून किंवा कष्टी मनाने दिलेलं ते राजस. अवेळी, अपात्राला, अवमानून दिलेलं ते तामस.

पात्र शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या गल्लीत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई राहतात. रोज रात्री मुलांच्या वह्यांत शाईच्या पेनाने कित्त्याची पहिली ओळ स्वतः लिहून देतात. तीस-पस्तीस वह्या, रोज! त्या पेनाला याहून चांगलं घर कुठलं?

पण मंडळी, खरी परीक्षा पुढेच आहे. बाई ते शाळेत नेणार. मुलं हातात घेणार. कधीतरी ते फरशीवर पडणार, निब वाकणार, त्या लाटांवर ओरखडे येणार. हे सगळं डोळ्यांपुढे दिसतं आणि ओठांवर वाक्य येतं, "जपून वापरा हं बाई." वाक्य साधंच आहे. पण नीट पाहिलं तर ते एक दावं आहे. गाय दिली, दोरी माझ्याच हातात! "नको झालं तर मलाच परत द्या," ही त्याहून लांब दोरी. भगवंत ज्याला कष्टी मनाचं दान म्हणतात ते हेच असावं.

म्हणून आपल्या पूर्वजांनी दान देताना हातावरून उदक सोडायला सांगितलं. एकदा पाणी ओघळलं की ते ओंजळीत परत येत नाही. 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे' म्हणतो ना आपण, ते यातूनच. 'न मम' म्हणायचं, आणि हात रिकामा करायचा.

पेन दुसऱ्याला देण्याआधी धुवावं लागतं. सकाळी पेला भरून घेतला आणि निब त्यात धरली. आधी गडद निळं पाणी निघालं, मग फिकट, मग नितळ. चार वेळा पाणी बदललं. माझ्या शाईचा शेवटचा अंशही त्यात राहू नये, म्हणजे बाईंची शाई पहिल्या अक्षरापासून बाईंचीच उमटेल. मनाला एवढं स्वच्छ धुणं एका पेल्यात होत नाही, पण सुरुवात तरी झाली.

संध्याकाळी बाई येणार आहेत. सोबत शाईची दौत देईन. सूचना एकही देणार नाही.

तुमच्याही कपाटात अशी एखादी दुभती गाय बांधलेली असेल. कुणाची धार अडलीय, एवढं आज बघा.

पांडुरंगा, देताना माझ्या हातातली दोरीही सुटू दे.

राम कृष्ण हरी.