कापूस कुणी चिकटवला?

मोबाईल पर्समध्ये ठेवा. चहा नंतर मिळेल, आधी ऐकून घ्या.

आपापल्या पाळणाघरात मुलांकडून काय करून घेता त्याचे फोटो पाठवा, असं गेल्या वेळी सांगितलं होतं. पाठवलेत, आणि मी सगळे नीट बघितले. कापसाच्या मेंढ्या, कागदी प्लेटचे सूर्य, भेंडीच्या ठशांची फुलं, आइस्क्रीमच्या काड्यांचं एक घर. मेंढ्यांचे दोन्ही कान सारखे, डोळे नेमके जागेवर, डिंकाचा एक ओघळ कुठे नाही. खाली झोकात मुलाचं नाव आणि वय, दीड वर्ष. अहो, दीड वर्षाच्या पोराच्या हाती कापूस आला तर तो आधी तोंडात जातो. मग हा कापूस कुणी चिकटवला? बोला की. आता का माना खाली?

तुम्हीच चिकटवलात. तेही मुलं झोपल्यावर नाही, चांगली जागी असताना. एका फोटोच्या कोपऱ्यात टीव्हीचा निळा उजेड दिसतोय आणि त्याच्यासमोर पट्टा लावून खुर्चीत बसवलेली दोन डोकी. मुलांच्या नावाने मेंढी करायची म्हणून मुलांनाच टीव्हीपुढे बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लिहून ठेवलंय, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि पुढेही दिवसाला तासाभराच्या आत, जितका कमी तितका बरा. त्याच कागदात हेही आहे की लहान मुलाला एका वेळी तासाहून जास्त वेळ खुर्चीत किंवा बाबागाडीत बांधून ठेवू नये. ती माणसं तुमच्या घरी येऊन बघणार नाहीत, हे तुमचं नशीब.

आणि एवढं सगळं करून आज दारातच प्रश्न काय, तर “बाई, नवीन आयडिया द्या ना, होत्या त्या संपल्या.” संपणारच. तुम्ही आयडिया मागता त्या संध्याकाळच्या ग्रुपवर टाकायच्या फोटोसाठी. “पालक रोज विचारतात हो, आज काय केलं?” हे उत्तर मला देऊ नका. पालकांनी विचारलंच पाहिजे, त्यांचं पोटचं पोर दिवसभर तुमच्याकडे असतं. पण “आज तो स्वतःच्या हाताने पेला उचलून प्यायला, निम्मं सांडलं” हे सांगायला तुमची जीभ का रेटत नाही? आईला त्या मेंढीपेक्षा तो पेला जास्त आवडेल.

साहित्य नाही, ही दुसरी रड. ताराबाई मोडकांचं नाव ऐकलंय ना? शिक्षिका म्हणवून घेता म्हणून विचारते. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये पन्नाशी उलटलेल्या त्या बाई बोर्डीला गेल्या आणि तिथे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसोरीची साधनं सुरेख, पण महाग. गावात ती परवडणार कुणाला? मग शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू, माती यांतून तीच कामं त्यांनी करून घेतली. मुलं शाळेत येईनात, तर वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर मुलं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात नेली. आणि तुम्हाला ऑनलाइन मागवलेलं किट आलं नाही म्हणून सोमवार भाकड गेला!

स्वयंपाकघराचं दार उघडा. किट तिथेच आहे.

पाण्यापासून सुरू करा. एक परात, तिच्यात दोन बोटं पाणी, दोन वाट्या, एक पेला, चहाची जुनी गाळणी. दोन वर्षांचं मूल एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी ओतत बसतं, सांडतं, पुन्हा भरतं. गाळणीत पाणी का राहत नाही हे त्याला उमगत नाही, म्हणून दहादा बुडवून बघतं. आणि तुम्ही? तिसऱ्या मिनिटाला “अगं बाई, फरशी ओली!” म्हणून परात उचलता. फरशी ओली झाली तर पुसायला फडकं असतं ना घरात? ते त्याच्याच हातात द्या. पुसू दे, पिळू दे. पिळताना मनगट फिरतं, बोटं आवळली जातात, आणि पुढे पेन्सिल धरायला जे बळ लागतं ते असल्याच कामांतून येतं. तीन वर्षांच्या मुलाचा हात घट्ट धरून ठिपक्यांवरून ‘अ’ गिरवून घेतलात ना परवा, त्यात हात त्याचा होता आणि अक्षर तुमचं. एक मात्र कान उघडे ठेवून ऐका: परातीपासून उठायचं नाही. फोन वाजला तरी नाही, दारात कुरिअरवाला आला तरी नाही. लहान मूल दोन बोटं पाण्यातही बुडतं आणि बुडताना ओरडत नाही. खेळ संपला की पाणी कुंड्यांना घाला. आणि मोरीत भरलेली बादली दिवसभर तशीच असते, ती आजपासून बंद.

बाहेरची भिंत आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश असेल तर पाण्याने भिंत रंगवायला लावा. उन्हात ती वाळते, मूल पुन्हा रंगवतं. त्यातून दाखवण्याजोगं काहीच उरत नाही. म्हणूनच तुमच्यापैकी एकीनेही ते करून पाहिलेलं नाही.

जोड्या लावायची कार्डं विकत आणलीत, केवढ्याला ते विचारत नाही. तुमच्या दारात रोज चपलांचा ढीग पडलेला असतो. डावी-उजवी, लहान-मोठी, काकूंची, आजोबांची, सगळं त्यात आहे. धुतलेले पायमोजे आहेत. डबे आणि त्यांची झाकणं आहेत. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं हे शोधताना मूल जे डोकं चालवतं ते कार्डावर चालवत नाही, कारण कार्ड चुकलं तर तुम्ही सांगता, झाकण चुकलं तर झाकणच सांगतं.

“आठ महिन्यांचं, दोन वर्षांचं आणि चार वर्षांचं एकाच खोलीत, कसं जमवायचं?” हा प्रश्न मागच्या बाकावरून आला, आणि तेवढाच आज कामाचा होता. कोथिंबिरीची जुडी घ्या. चार वर्षांची मुलगी निवडेल. दोन वर्षांचा नुसता तोडेल आणि विस्कटेल. त्याला विस्कटू द्या, त्याचं काम तेच आहे. तान्ह्याच्या नाकाशी काडी न्या, वास द्या, त्याच्याशी बोला आणि काडी परत घ्या. मोठी मुलगी धाकट्याला “असं नाही रे, असं” म्हणून दाखवायला लागली की तुम्ही गप्प बसायचं. ते गप्प बसणं तुम्हाला जड जातं, ठाऊक आहे मला. सगळ्याजणी मुलाच्या आधी बोलता.

तान्ह्यांचा विषय निघालाच आहे तर, त्यांना दिवसभर पाळण्यात उताणं टाकून ठेवता. जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडं थोडं करून दिवसाकाठी निदान अर्धा तास तरी पालथं ठेवा. मान धरायला, हातांवर उठायला तिथेच शिकतात. पुढ्यात स्टीलची चकचकीत ताटली उभी करा, तोंड दिसलं की मान वर येते. ओढणीआडून कुकूक करा. याला पैसा लागत नाही, माणूस लागतो, आणि माणूस म्हणूनच तुम्हाला पगार मिळतो. झोपताना मात्र पाठीवरच.

आता ज्याने माझ्या पोटात गोळा आला तो फोटो. बियांचं चित्र. चिंचोके, हरभरे, मणी आणि मधोमध शोभेला लाल-काळ्या गुंजा. गुंज! ती विषारी असते, चावली गेली तर जिवावर बेततं, हे तुमच्या आजीला माहीत होतं. दुसरीकडे पानं गोळा करायला मुलांना सोसायटीच्या बागेत नेलंत आणि टोपलीत कण्हेर दिसतेय. तीही विषारी. हातात देण्याआधी झाड ओळखा, ओळखता येत नसेल तर माळ्याला विचारा, लाज कसली? चिंचोके, मणी, शेंगदाणे, फुटाणे तीन-चार वर्षांच्या आतल्यांच्या हाती द्यायचे नाहीत, घशात अडकतात. द्राक्षं अख्खी द्यायची नाहीत, उभी चिरून द्या. रिमोटमधला, गाणं म्हणणाऱ्या खेळण्यातला तो बटणासारखा गोल सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. तसं झालं तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते आजच कपाटाच्या वरच्या खणात जाऊ दे.

“रेड डे”, “यलो डे” वगैरेवर मला काही बोलायचं नाही. लाल शर्ट नाही म्हणून एक पोर दिवसभर रडत बसलं, तेवढं पुरे.

आणि रोज नवं काहीतरी हवं, हे डोक्यातून काढा. नवं तुम्हाला हवं असतं, कारण तुम्हाला कंटाळा आलेला असतो. मुलाला कालचीच परात हवी असते. कालच्या गोष्टीतला कोल्हा आज लांडगा केलात तर तेच मूल तुम्हाला टोकतं. एकच खेळ आठवडाभर मांडा, फक्त रोज एक वस्तू बदला. आज गाळणी, उद्या बाटली, परवा स्पंज. कुठल्या वस्तूपाशी कोण थांबलं ते बघा.

बघा म्हणजे खरंच बघा, फोनमधून नको. पुढच्या शनिवारी फोटो आणलात तर परत पाठवीन. प्रत्येक मुलाविषयी तीन ओळी लिहून आणायच्या: आपणहून कशाकडे गेलं, तिथे किती वेळ रमलं आणि कशाने उठलं. तुम्ही उठवलंत, तर तसं लिहा. ज्या मुलाविषयी काहीच सुचणार नाही त्याचं नाव सगळ्यात वर लिहा, आपण त्याच्यापासून सुरुवात करू. हं, आता चहा घ्या.