चूक आणि अपराध

युद्ध संपल्यावर पराभूतांचा न्याय जेते करतात. बलाढ्य राष्ट्रांच्या पुढाऱ्यांचा न्याय मात्र बहुधा त्यांच्या स्वतःच्या विवेकावरच सोंपविलेला असतो. हा विवेक कॅमेऱ्यासमोर कितपत बोलता होतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें एरल मॉरिस यांचा ‘द फॉग ऑफ वॉर’ हा २००३ सालचा अनुबोधपट अवश्य पाहावा.

१९६१ ते १९६८ या काळांत अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅक्नमारा त्यांत वयाच्या ८५ व्या वर्षीं बोलतात. १९४५ च्या मार्चमध्यें एका रात्रींत टोकियोंतील सुमारें १ लक्ष नागरिक होरपळून मेले. तेव्हां मॅक्नमारा जनरल लेमे यांच्या हाताखालीं हल्ल्यांच्या आंकडेवारीचें काम पाहत होते. आपण हरलों असतों तर युद्धगुन्हेगार ठरलों असतों, असें ते स्पष्ट सांगतात. आणि हरल्यास जें पाप, तें जिंकल्यास पाप कां नव्हे, असेंही विचारतात.

इतकें बोलण्यास धैर्य लागतें, हें आम्ही मान्य करतों. परंतु टोकियोच्या वेळीं ते दुय्यम अधिकारी होते; व्हिएतनामच्या युद्धांत ते मुख्य सूत्रधारांपैकीं एक होते. त्या युद्धांत आपलें व सहकाऱ्यांचें चुकलें, हें त्यांनीं १९९५ सालच्या पुस्तकांत लिहिलें होतें. तरीही शेवटीं ‘आपणांस अपराधी वाटतें काय?’ असा प्रश्न येतांच ते पुढें बोलण्याचें नाकारतात.

चूक बुद्धीची असते. तिच्यापासून धडा घेतां येतो, तो इतरांस देतांही येतो. अपराध मात्र कर्त्यालाच पतकरावा लागतो. हा चित्रपट अकरा धड्यांत मांडलेला आहे, आणि धडे देणारा मनुष्य आपण उत्तर दिलें असें सहज समजूं शकतो. महाभारतांतील युधिष्ठिर तर विजयी झाला होता. तरीही शांतिपर्वाच्या आरंभीं तो ज्ञातिवधाचा दोष स्वतःकडे घेऊन शोक करतो.

मॉरिस यांनीं मॅक्नमारांना अधिक पेंचांत धरावयास हवें होतें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. बळें वदविलेल्या कबुलीला नीतीच्या दृष्टीनें मोल नाहीं. धोका आहे तो प्रेक्षकाच्या बाजूनें. केनेडींच्या दफनाची आठवण सांगतांना या वृद्धाचा कंठ दाटून येतो, आणि तोच पश्चात्ताप समजून आपण त्यास क्षमा करूं पाहतों. ज्यांच्या वतीनें क्षमा करावयाची, ते मृत आपणांस तसा अधिकार देऊन गेलेले नाहींत.