उसनें वैभव

गिरगांवांतील खोताच्या वाडीच्या लांकडी घरांवर पोर्तुगीज वळणाची छाप आहे; पण उसनें रूप घेऊनहि तीं घरें खोटीं वाटत नाहींत, कारण त्यांचे खांब खरोखरच सज्जे पेलतात. घराच्या डागडुजीच्या वेळीं मीं चोरबाजारांतून असाच एक नक्षीदार सागवानी खांब आणून दिवाणखान्यांतील सिमेंटच्या भिंतीला टेकविला. तो कांहींच पेलीत नाहीं. एवढ्यानें तो असत्य ठरतो काय? शोभेपुरती शोभा हा अपराध खास नव्हे; जळणांत जाणारें लांकूड वांचलें, हेंहि थोडें नाहीं. पण परवां एक पाहुणे 'वडिलोपार्जित दिसतो!' असें म्हणाले आणि मी नुसता हंसलों. खांब खोटें बोलला नव्हता. मी बोललों होतों. कोणाच्या तरी मोडलेल्या घराचा हा अवशेष आहे, एवढें सांगण्याचा भार तरी त्याच्या नव्या धन्यानें वाहिलाच पाहिजे.