मीटरवरची काळी टेप

टेप कोणी लावली हे मी विचारणार नाही. कड दाताने तोडलेली आहे, ती तुझीच सवय. स्पीडोमीटरच्या काट्याखाली बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, एक कोपरा उन्हाने सुटलेला, आणि त्या कोपऱ्यातून लाल उजेड बाहेर येतोय. एअरबॅगचा दिवा. अंबाडी नाक्यापासून गणेशपुरीपर्यंत मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसून आलो, तेवढ्या वेळात तो एकदाही विझला नाही. गाडीत परकी माणसं होती म्हणून तिथे गप्प बसलो. आता ऐक.

नंतर विचारल्यावर काय म्हणालास? "सर, गाडी जुनी झालीय, असे दिवे लागतातच." हे वाक्य एखाद्या गिऱ्हाइकाने म्हटलं असतं तर मी त्याला शांतपणे समजावलं असतं. तू आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलास, माझ्या हाताखाली केलास. तुझ्या तोंडून हे ऐकायला मला लाज वाटली.

दिवा गाडीच्या वयामुळे लागत नाही. इग्निशन ऑन केलं की तो काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्यात कंट्रोल युनिट स्वतःला तपासतं, सेन्सर तपासतं, दोन्ही बॅगांच्या इग्नायटरचं सर्किट आणि धडकेत सीटचे पट्टे आवळणारे प्रीटेन्शनर तपासतं. तो विझला नाही किंवा लुकलुकत राहिला, तर यातलं काहीतरी जागेवर नाही. बहुतेक गाड्यांत अशा वेळी युनिट एअरबॅगचं कामच थांबवून ठेवतं. बॅग चालता चालता अचानक फुटेल अशी भीती लोकांना वाटते. खरा धोका उलटा आहे: गाडी आदळेल आणि बॅग उघडणारच नाही. सेन्सरला धक्का कळण्यापासून बॅग फुगेपर्यंत सगळं सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात उरकतं. तेवढ्या वेळात तू काहीही करू शकत नाहीस. जे करायचं ते आधीच करून ठेवायचं असतं, आणि त्याचीच आठवण तो दिवा तुला रोज सकाळी करून देत होता.

आता शेजारच्या सीटखाली काय आहे ते बघ. पाण्याच्या बाटल्या, छत्री, प्रसादाच्या पिशव्या, जॅक. त्या पसाऱ्यात याच यंत्रणेचा एक पिवळा कनेक्टर आहे. प्रवासी सीट मागेपुढे सरकवतात, पाठीमागचे पिशव्या खाली कोंबतात, दर खेपेला त्या वायरला ओढ बसते आणि पिन सैल होतात. दिवा लागण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि सीटखाली सामान न ठेवण्याला पैसा लागत नाही. मग हॉर्न. वळणावर हॉर्न मध्येच वाजत नाही, अशी तक्रार तूच माझ्याकडे केली होतीस. हॉर्नची वायर आणि ड्रायव्हरच्या बॅगेची वायर स्टीअरिंगखालच्या एकाच गुंडाळलेल्या पट्टीतून, क्लॉक स्प्रिंगमधून जाते. ती पट्टी तुटायला लागली की आधी हॉर्न रुसतो आणि मग हा दिवा लागतो. मी वर्गात स्टीअरिंग उघडून हे दाखवलं होतं. दोन खुणा तुझ्या डोळ्यांसमोर होत्या, तरी तू त्या जोडून बघितल्या नाहीस. माझा राग त्याचा आहे.

आपल्याकडच्या पावसाचंही बघ. तानसा नदीच्या काठी जून ते सप्टेंबर पायाखालचं मॅट वाळत नाही, आणि कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखालीच बसवलेलं असतं. पुढचा सेन्सर बंपरच्या मागे चिखल खात असतो. गाडी चार दिवस उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरी उतरली की व्होल्टेज पडतं, तेवढ्यानेही कधी कधी युनिटमध्ये बिघाडाचा कोड साठतो. कारण क्षुल्लक असेल किंवा महागडं असेल, ते कोड वाचल्याशिवाय कळत नाही. तुझ्याकडचा तो स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर मला दाखवू नकोस. तो इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅगच्या युनिटशी बोलणारा स्कॅनर वेगळा असतो.

आणि मल्टिमीटर घेऊन पिवळ्या वायरींना हात लावू नकोस. मीटरच्या छोट्या करंटनेही बॅग पेटू शकते, आणि समोर तुझं तोंड असतं. आधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिली असतील तेवढी मिनिटं थांबायचं, कारण युनिटमधले कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेले असतात. त्याआधी कनेक्टर सुटा करायचा नाही. हे काम तुला येत नसेल तर येणाऱ्याकडे दे, त्यात कमीपणा नाही.

भिवंडीतल्या कोणीतरी बॅगेच्या जागी रेझिस्टर घालून दिवा विझवायचा उपाय तुला सांगितलाय, हेही माझ्या कानावर आलंय. रेझिस्टर घातला की युनिटला वाटतं बॅग जागेवर आहे. मग तुझ्यानंतर गाडी चालवणाऱ्याला, तुझ्याकडून ती विकत घेणाऱ्याला, त्याच्या बायकोपोरांना, कोणालाच काही कळणार नाही. टेप निदान काढता येते. रेझिस्टर घालणाऱ्या माणसाला मी मेकॅनिक म्हणणार नाही.

आता पट्ट्याबद्दल. माझ्या सीटचं बक्कल मला शोधावं लागलं. ते तू सीटकव्हरखाली दाबून टाकलंयस, आणि पीं-पीं आवाज नको म्हणून तुझ्या बाजूला नुसती क्लिप खोचलीयस. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकणाऱ्या बड्या कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढून टाकायला लावलं. ते उगाच नव्हे. एअरबॅग ही पट्ट्याला जोड म्हणून दिलेली असते. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि फुगत्या बॅगेवर आदळतो, तीच बॅग त्याला जखमी करते. आणि बॅगच बंद असलेल्या गाडीत पट्टा हा एकच आधार उरतो. तू दोन्ही काढून घेतलेस.

मागच्या सीटवर चौघं होते, आणि दोन सीटांच्या मधे एक लहान पोर उभं होतं, तुझ्या आणि माझ्या सीटला धरून. मागच्यांना पट्टा लागत नाही असं समजू नकोस. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते आपल्याच बाजूच्या मुंबई-अहमदाबाद हायवेवर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. मागे बसलेल्या मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघं गेले. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. वज्रेश्वरीहून शिरसाड फाट्याला निघून महालक्ष्मीच्या देवळाचं भाडं करतोस तेव्हा तोच पूल तू ओलांडतोस. त्या पोराच्या आईने तुझ्या हातात भाडं ठेवलं ते विश्वासाने. गाडीत काय बिघडलंय हे तुला माहीत होतं, तिला नव्हतं.

ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. तुझी गाडी त्याच्या कितीतरी आधीची. त्या काळी लहान गाड्यांत बहुधा वरच्या मॉडेललाच बॅगा मिळायच्या. पहिल्या मालकाने त्यासाठी जादा पैसे मोजलेले आहेत, तू ती वस्तू फुकटात बंद पाडलीस. बंपरपुढचा लोखंडी गार्डही काढ. धडकेचा धक्का तो वेगळ्या वाटेने नेतो आणि सेन्सरला चकवतो. केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्याला मनाई केलीय.

दिवा विझला तरी एक काम राहतं. चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून एअरबॅगचा रिकॉल निघालाय का ते बघ. टाकाटा या जपानी कंपनीच्या बॅगांतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेने बिघडायचं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभरात माणसं मेली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही गाड्या परत बोलावल्या होत्या. हा दोष मीटरवर दिवा लावून सांगत नाही. रिकॉलचं काम फुकट होतं, आणि आपली हवा कशी आहे हे तुला सांगायला नको.

खर्चाचं रडगाणं मी ऐकून घेईन, पण कोड वाचल्यावर. कनेक्टर सैल असेल तर खर्च जवळजवळ नाही. क्लॉक स्प्रिंग असेल तर काही हजार. युनिटच गेलं असेल आणि गाडीच्या किमतीला ते परवडत नसेल, तर तसं मला सांग, आपण बसून हिशेब करू. पण मग ही गाडी भाड्याने चालणार नाही. विकायची झाली तर घेणाऱ्याला एअरबॅग बंद असल्याचं कागदावर लिहून द्यायचं, सही करून.

गुरुपौर्णिमेला गणेशपुरीत नित्यानंद बाबांच्या समाधीला किती गर्दी लोटते, तुला ठाऊक आहे. त्या दिवसांची भाडी घेऊन ठेवली असशील. त्या लोकांना आज संध्याकाळी फोन लाव, दुसऱ्याची गाडी ठरवून दे, आणि ही गाडी उद्या सकाळी सातला माझ्या दारात आण. बक्कल वर काढून, क्लिप फेकून, पट्टा लावून ये.