घर बदलण्याची किंमत

पुण्यात बांधकाम चालू असलेला 80 लाखांचा फ्लॅट घेतला, की 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार स्टॅम्प ड्युटी, 30 हजार नोंदणी फी आणि 4 लाख जीएसटी, म्हणजे जवळपास 10 लाख वर लागतात. त्या सातात 1 टक्का स्थानिक संस्थेचा, 1 मेट्रोचा. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, कमी असली, तर शुल्क रेडी रेकनरवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज ठरवताना बँका एरवी घराच्या किमतीत ड्युटी आणि नोंदणी धरत नाहीत. ही रक्कम मग शिलकीतून किंवा सोनं मोडून उभी राहते.

सरकार अधूनमधून सवलत देतं. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईतला दर 5 टक्क्यांवरून 2 वर आला, जानेवारीत 3 झाला आणि मार्च 2021 अखेर सवलत संपली. मुदतीच्या अशा सवलतीने घर स्वस्त होत नाही, पुढची खरेदी अलीकडे येते. पैसे हाताशी असलेल्याचं फावतं. अजून साठवणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा पूर्ण दर.

महिलांना 2021 पासून मिळणारी 1 टक्का सूट अधिक विचारपूर्वक आहे, कारण तिच्यामुळे इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, बाईचं नाव लागतं. पण सुरुवातीला ते घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं. विकायची मुभा नसलेली मालकी अर्धीच. 2023 मध्ये ती अट गेली हे बरं झालं.

मूळ प्रश्न मात्र सवलतींपलीकडचा आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. त्याच आकाराचं घर विकत घेणाऱ्याला ड्युटी चुकत नाही. राहत्या जागी टिकून असलेल्याला माफी आणि नोकरीसाठी शहर बदलणाऱ्याकडून, कुटुंब वाढलं म्हणून मोठी जागा शोधणाऱ्याकडून दर खेपेला वसुली, असा हा न्याय आहे.

ड्युटी कायमची उतरवून तिचा भार दरवर्षीच्या मालमत्ता करावर थोडाथोडा टाकणं अधिक रास्त ठरेल. अडचण राजकीय आहे. घरपट्टी वाढली की नगरसेवकाच्या दारात माणसं जमतात. ड्युटी भरणारा एकटा असतो आणि त्याला त्या दिवशी फक्त दस्त हवा असतो. शिवाय ड्युटी मुख्यतः राज्याच्या तिजोरीत जाते, घरपट्टी महापालिकेच्या. म्हणून ही सुधारणा व्हायची, तर आधी राज्याला आपलं हक्काचं उत्पन्न सोडावं लागेल.