दोन इंजिनं आणि डबा

इगतपुरीत पाऊस लागला की बोलणं अवघड होतं. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर कोसळणारा हा पाऊस शाळेच्या पत्र्यावर सुरू झाला, की बाईंचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नाही. त्यात गाव मौनासाठी प्रसिद्ध. १९७६ पासून धम्मगिरीवरच्या विपश्यना केंद्रात देशोदेशींची माणसं येतात ती दहा दिवस गप्प बसायला. अशा गावात सातवीच्या पोरांना इंग्रजी बोलतं करायचं काम बाईंकडे आलं होतं.

इंग्रजी पोरांना नवं नव्हतं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे ही मुलं सात वर्षं ते शिकत होती. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, धडा पाठ म्हणायची. पण ‘आज काय खाल्लंस?’ एवढं इंग्रजीत विचारलं की सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायचा.

नाशिकहून रोज अप-डाउन करणाऱ्या बाईंनी गाडीत बसल्या बसल्या एक अ‍ॅप शोधलं. ते वाक्य दाखवायचं, आधी स्वतः म्हणून दाखवायचं, मग मुलानं म्हणायचं. बरोबर आलं की चांदण्या, आणि आठवड्याच्या शेवटी बाईंच्या फोनवर टक्केवारी. मुलांना आवडलं. चुकलं तर कुणी हसत नाही, हे त्यातलं खरं सुख. श्रावणी तर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. ती ९१ वर पोचली. पण विठू? कधी हात वर न करणारा विठू सरळ ९८ वर. बाईंनी तो आकडा केंद्रप्रमुखांना पाठवला, आणि केंद्रप्रमुखांनी तो बैठकीत वाचून दाखवला.

पुढच्या सोमवारी विठूच्या आजोबांची, आबांची, चिठ्ठी आली. घसा पार बसला आहे, शब्द फुटत नाही, चार दिवस येणार नाही. शुक्रवारी बाईंनी सहज अ‍ॅप उघडलं. चारही दिवसांचा अभ्यास पूर्ण. ९८ टक्के.

शाळा सुटल्यावर बाई विठूच्या घरी गेल्या. गळ्याला मफलर गुंडाळून स्वारी खाटेवर बसलेली. समोर आबांचा आणि आईचा असे दोन फोन, एकमेकांकडे तोंड करून. आबांचा फोन नमुन्याचं वाक्य म्हणे, आईचा फोन ते ऐके आणि चांदण्या देई. विठूचं काम एवढंच, की वाक्य संपलं की बटण दाबायचं.

यात अ‍ॅपचा तरी काय दोष? कानावर आलेले ध्वनी समोरच्या शब्दांशी जुळतात का, इतकंच ते ताडून बघतं. बोलणाऱ्याला बोलायचं काय होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

बाईंना राग आला, पण तो पोरावर काढता येईना. तो आकडा वर त्यांनीच तर पाठवला होता. त्या फक्त म्हणाल्या, “हे कसं सुचलं ते सोमवारी इंग्रजीत सांगायचं.”

“कुणाला?” विठूनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

“ज्यांना माहीत नाही त्यांना.”

बाईंच्या डोक्यात फलटण होतं. शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रांच्या प्रकल्पात इंग्लंडमधल्या आज्या २००९ पासून स्काइपवर भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागल्या होत्या. शिकवायचं नाही, नुसती चौकशी करायची, कौतुक करायचं. पुढं या प्रकल्पाचं एक केंद्र फलटणलाही झालं. बाईंच्या मैत्रिणीच्या ओळखीत लीड्सच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या तयार झाल्या. वेळ ठरली आपल्याकडची साडेबाराची. तिकडे सकाळचे आठ.

सोमवारी पाऊस जोरात होता. पडद्यावर पांढऱ्या केसांची आजी आली आणि तिनं पहिलंच विचारलं, “व्हॉट्स दॅट नॉइज?” श्रावणी उठली आणि स्वच्छ उच्चारात म्हणाली, “माय नेम इज श्रावणी. आय लिव्ह इन इगतपुरी.” आजीनं पुन्हा विचारलं. श्रावणीनं पुन्हा तेच सांगितलं. प्रश्न तिला कळला नव्हता असं नाही. पण त्याचं उत्तर कुठल्या धड्यात नव्हतं, आणि ते वरून पत्र्यावर पडत होतं.

मग आजीनं दोन फोनवाल्या मुलाला बोलावलं. विठू पुढे आला. बराच वेळ चप्पल घासत उभा राहिला.

“वन फोन टॉक,” तो म्हणाला. “वन फोन लिसन.”

“अँड यू?”

“आय... राजधानी.”

“आय डोन्ट अंडरस्टँड,” आजी म्हणाली, आणि कान पुढे केला. ‘मला कळलं नाही, परत सांग,’ असं त्या अ‍ॅपनं विठूला एकदाही म्हटलं नव्हतं. तिथे एक तर बरोबर, नाहीतर चूक, मधे काही नाही.

विठूच्या मनात होतं ते घाटातलं. कसाऱ्याहून इगतपुरीचा चढ ३७ फुटांना १ फूट. लांबच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, जोडतात आणि इगतपुरीला काढतात. आबांची सारी नोकरी त्या बँकरवर गेली. पण २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे राजधानी सुरू झाली, ती पुढे एक आणि मागे एक इंजिन घेऊन बँकरशिवायच घाट चढायला लागली. आबांना ते आजही पटलेलं नाही. पोरानं मात्र त्यातूनच युक्ती उचलली होती.

“राजधानी ट्रेन. फ्रंट इंजिन. बॅक इंजिन. आय अ‍ॅम...” त्याला शब्द सापडेना. “डबा.”

“डब्बा?”

वर्ग खिदळला. श्रावणीला राहवलं नाही. तिसऱ्या बाकावरून ती ओरडली, “कोच! ही इज कोच!” शब्द तिला अ‍ॅपच्या धड्यातूनच आला होता.

“ओह, यू आर द कोच! यू टीच द फोन्स?” आजी खूश झाली.

“नो, नो!” विठू जवळजवळ पडद्यात शिरला. “फोन वर्क. आय नो वर्क. आय सिट. इंजिन गो, डबा गो. डबा नो टॉक!”

आजी इतकी हसली की चष्मा काढावा लागला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. आबा इंजिन चालवायचे, घाटात बोगदे आहेत, धबधबे आहेत. श्रावणीनं पत्र्याकडे बोट दाखवून “रेन! रेन ऑन रूफ!” सांगून टाकलं. व्याकरणाचा चुरा झाला होता. तेवढ्यात वीज गेली.

बाईंनी अ‍ॅप बंद केलं नाही. घरच्या अभ्यासाला ते राहिलं, पण टक्केवारी वर पाठवायची त्यांनी सोडली. तोंडी परीक्षा त्या स्वतः घेऊ लागल्या, मुलाला समोर बसवून, आणि जे मिळतील ते गुण मांडू लागल्या. पुढच्या भेटीत केंद्रप्रमुखांनी तक्ता हातात घेतला आणि विठूच्या नावापाशी थांबले.

“बाई, या पोराला मागं ९८ होते ना? आता २२ कसे?”

“तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता, सर,” बाई म्हणाल्या.